लाइट गेली म्हणजे करंट गेला का? सर्व्हरचा पॉवर सप्लाय बदलताना

मंडळी, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज पॉवर सप्लायवर बोलणार, म्हणून काहींच्या चेहऱ्यावर हसू दिसतंय. हसा. पण महाविद्यालयाच्या संगणक समितीवर आम्ही बरीच वर्षं काढली आहेत. आपल्या नांदेड-लातूरकडच्या कॉलेजांत ग्रंथालयाचा सर्व्हर एकच असतो. त्यावर 'सोल' नाहीतर 'कोहा' चालतं आणि पुस्तकांची सगळी देवघेव त्यावरच. तो ऐन परीक्षेच्या दिवसांत बंद पडला आणि इंजिनिअर पुण्याहून किंवा हैदराबादहून परवा येणार असला, की नवा पॉवर सप्लाय कुरिअरने येतो आणि बसवायला उभा राहतो आपला लॅब असिस्टंट. आजचं बोलणं त्याच्यासाठी आहे.

आपल्याकडे एक वाक्य फार सहज ऐकू येतं : "लाइट गेलीय ना, मग आता बिनधास्त उघडा." या वाक्यात जीव जाण्याइतकी चूक आहे. आमच्या दर्शनशास्त्रात 'अनुपलब्धि' नावाचं प्रमाण आहे. भाट्ट मीमांसक ते स्वतंत्र मानतात. टेबलावर घडा दिसत नाही, म्हणून टेबलावर घडा नाही. पण त्याला त्यांनी एक अट घातली : वस्तू तिथे असती तर ती दिसायलाच हवी होती, अशी असली पाहिजे. अंधारात घडा दिसला नाही, तर त्यावरून घडा नाही असं म्हणता येत नाही. करंट तर भर उजेडातही दिसत नाही. आपण बघतो तो दिवा किंवा पंखा. तो बंद आहे एवढंच आपल्याला कळतं. सर्व्हर मात्र यूपीएसवर असतो. गावाची लाइट गेली तरी त्याच्या पिनेत २३० व्होल्ट तसेच असतात. आणि यूपीएसही बंद केला असला, तरी लाइट कधी परत येईल हे महावितरणचा वायरमनसुद्धा सांगू शकत नाही.

बरं, बोर्डाचं बटन बंद केलं तर? ते बटन दोन तारांपैकी एकच तोडतं. वायरिंग करणाऱ्याने फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले असतील, तर बटन बंद असूनही फेज थेट यंत्रापर्यंत पोचलेला असतो. जुन्या इमारतींत हे नवल नाही. म्हणून बटन बंद करून थांबायचं नाही. पिन सॉकेटमधून काढायची आणि ती आपल्या डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर ठेवायची. म्हणजे आपण वाकलेले असताना मागून कोणी सद्भावनेने ती पुन्हा लावणार नाही.

सर्व्हरचं स्वतःचं बटनही असंच आहे. ते दाबून सर्व्हर 'बंद' केला तरी आतला थोडा भाग जागाच राहतो, नाहीतर पुन्हा बटन दाबल्यावर त्याला कळणार कसं? पिन काढल्यावर तेच बटन चार-पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डावर उरलेला विजेचा अंश निघून जातो.

पण त्या पत्र्याच्या डबीत, म्हणजे पॉवर सप्लायच्या आत, मोठे कपॅसिटर असतात. आपली २३० व्होल्टची एसी तिथे डीसी होते आणि आजच्या बहुतेक सप्लायमध्ये कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या आसपास साठते. पिन काढल्यावर हा साठा ओसरतो, पण आतलं काही बिघडलेलं असेल तर ओसरेलच असं नाही. आणि तुमच्या हातात आलेली डबी बिघडलेलीच आहे! तेव्हा तिचे स्क्रू काढायचे नाहीत. फ्यूज बघायलासुद्धा नाही. अख्खी डबी बदलायची.

आता प्रत्यक्ष काम. रॅकमधल्या सर्व्हरला मागे बहुधा दोन सप्लाय असतात आणि एक काढला तरी दुसऱ्यावर तो चालू राहतो. आधी नव्या डबीवरचा पार्ट नंबर आणि वॉट जुन्याशी पडताळा; ५०० वॉटच्या जोडीला ७५० वॉटचा चालेल असं गृहीत धरू नका. मग दुसऱ्या सप्लायचा दिवा हिरवा आहे ना, हे बघा. हे राहिलं आणि चांगलाच सप्लाय उपसला, तर सर्व्हर झोपला. अंगठी, कडं, घड्याळ उतरवा. बिघडलेल्याची आधी केबल काढा, त्याचा दिवा विझू द्या, मग खटका दाबून मुठीने सरळ मागे ओढा. नवा सरळ आत सरकवा, खटका 'टक्' वाजेपर्यंत. केबल त्यानंतर, शेवटी. दिवा हिरवा व्हायला दहा-पंधरा सेकंद लागतात, तेवढ्यात पुन्हा काढघाल करू नका.

एकच सप्लाय असलेल्या उभ्या सर्व्हरचं वेगळं. तो नीट शटडाउन करून, पिन काढूनच उघडायचा. जुन्या जोडण्यांचा आधी मोबाइलवर फोटो काढा. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की स्वेटर नसतानाही बोटातून ठिणगी उडते, म्हणून आत हात घालण्याआधी आणि मधूनमधून सर्व्हरच्या उघड्या पत्र्याला हात लावत राहा.

एका ठिकाणी दोन सप्लायचा सर्व्हर आणि दोन्ही पिना एकाच एक्स्टेंशन बोर्डात, असं आम्ही पाहिलंय. बोर्ड गेला की दोन्ही गेले. दोन सप्लायचे पैसे मोजलेत, तर दोन वेगळ्या वाटांनी वीज द्या.

सगळ्यात महत्त्वाचं मुद्दाम मागे ठेवलंय : अर्थिंग. 'अर्थ'शिवाय शब्द चालत नाही म्हणतात, आणि इथे अर्थशिवाय काही चालवू नये. सर्व्हरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, आणि आपण म्हणतो "थोडा करंट मारतो, चालायचंच." सप्लायच्या आतल्या फिल्टरमधून थोडी वीज नेहमीच पत्र्याकडे झिरपत असते, तिने अर्थच्या तारेने जमिनीत जावं अशी रचना असते. तार तुटलेली असेल तर पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास, तरंगत राहतो. त्या झिणझिण्यांनी सहसा कोणी मरत नाही. पण उद्या आतलं इन्सुलेशन गेलं, तर तोच पत्रा २३० वर येईल आणि अर्थ नसल्यामुळे फ्यूजही उडणार नाही. नवा सप्लाय बसवून यातलं काहीच सुधारत नाही.

तार शाबूत असली तरी पुढे खड्डा आहे. मीठ-कोळसा भरलेला अर्थिंगचा खड्डा ओलाव्यावर चालतो. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते, पाइपापासून सुटते; खाली लगेच बेसॉल्टचा खडक. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हा पिण्याला पाणी नाही तिथे अर्थिंगच्या खड्ड्यात कोण ओतणार? आणि साधा मीटर इथेही फसवतो : फेज आणि अर्थमध्ये तो २३० दाखवेल, अगदी सुकलेल्या खड्ड्यावरही, कारण त्याला स्वतःला चालायला अत्यल्प वीज पुरते. खड्डा खरोखर किती वाहून नेईल हे अर्थ टेस्टरनेच कळतं. आयएस ३०४३ हे भारतीय मानक याच कामासाठी आहे. लायसन असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून भर उन्हाळ्यात, माती सर्वांत कोरडी असताना, मोजणी करून घ्या. पावसाळ्यात मोजलं तर आकडा चांगलाच येणार.

मागच्या रांगेतल्या एका ताईंनी विचारलंय, काढलेल्या जुन्या डबीचं काय करायचं. भंगारवाल्याला नको. तो तांब्यासाठी हातोडीने फोडतो, आणि आत काय साठलेलं असू शकतं ते आत्ताच बोललो. 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी चिकटवा, नव्याच्या खोक्यात घाला आणि नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडे जाईपर्यंत कपाटात कुलपात ठेवा. चिठ्ठी राहिली तर सहा महिन्यांनी कोणीतरी तीच स्पेअर म्हणून लावतो.