पूर्वार्धाचे गुण आणि भाकीत-बाजार

'या सामन्याच्या पूर्वार्धात दोन्ही संघांचे मिळून साडेसदुसष्टांहून अधिक गुण होतील.' अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या हंगामात अशा वाक्यांची खरेदी-विक्री चालते. वाक्य खरे ठरल्यास ते विकत घेणाऱ्यास एक डॉलर मिळतो. खोटे ठरल्यास काहीच मिळत नाही. त्याचा भाव ५६ सेंट असेल, तर ते खरे होण्याचा संभव बाजाराच्या मते शेकडा ५६ आहे, असा अर्थ लावण्यात येतो. या व्यवहारास भाकीत-बाजार म्हणता येईल. आयोवा विद्यापीठाने १९८८ साली अध्यक्षीय निवडणुकीवर असा एक लहानसा बाजार चालविला, तो संशोधनासाठी. वायदेबाजारावर देखरेख करणाऱ्या मध्यवर्ती आयोगाच्या अखत्यारीतील 'कॅल्शी'सारख्या संस्थांनी २०२५ पासून क्रीडासामन्यांवरही असे करार विकण्यास आरंभ केला.

भाषेच्या अभ्यासकास येथे प्रथम लक्षात येते ती वाक्याची घडण. बास्केटबॉलमध्ये अर्धा गुण कधीच होत नाही. नेमक्या याच कारणास्तव तो घेतलेला असतो. त्यामुळे बरोबरीस जागा राहत नाही व वाक्य खरे किंवा खोटे ठरलेच पाहिजे. 'पूर्वार्ध' हा शब्दही तितकाच बांधीव आहे. पुरुषांच्या सामन्यात तो २० मिनिटांचा असतो, आणि समाप्तीच्या भोंग्यापूर्वी हातातून सुटलेला चेंडू नंतर टोपलीत पडला तरी त्याचे गुण पूर्वार्धातच धरतात. तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही इतकी निःसंदिग्ध विधाने विरळाच आढळतील!

पूर्वार्धच का निवडावा, यासही कारण आहे. सामन्याच्या शेवटी मागे पडलेला संघ घड्याळ थांबविण्यासाठी मुद्दाम फाउल करतो, बरोबरी झाल्यास जादा वेळ खेळावा लागतो, आणि त्यामुळे गुणसंख्या अवचित फुगते. पूर्वार्धात हे काही घडत नाही. उलटपक्षी, प्रत्येक संघाच्या वाट्यास चेंडूचा ताबा सुमारे ३५ वेळाच येतो. साहजिकच योगायोगाचा वाटा मोठा राहतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ॲन्स्कम या तत्त्वज्ञ विदुषीने १९५७ च्या आपल्या 'इन्टेन्शन' या ग्रंथात एक मार्मिक उदाहरण दिले आहे. एक मनुष्य यादी घेऊन बाजारहाट करीत आहे आणि एक गुप्तहेर त्याच्या मागून फिरत तो काय काय घेतो ते टिपीत आहे. अखेरीस दोन्ही कागदांवर तेच शब्द असतील. परंतु पहिल्याची यादी कृतीस वळण लावते, तर दुसऱ्याची कृतीमागून चालते. भाकीत-बाजारातील वाक्य गुप्तहेराच्या यादीसारखे असावे अशी अपेक्षा असते. ते खेळाडूच्या खिशात गेले की बाजाराची यादी बनते.

ही भीती काल्पनिक नव्हे. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने १९५० साली दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या. १९५१ मध्ये त्याच संघातील खेळाडू लाच घेऊन गुणांचे अंतर राखल्याबद्दल पकडले गेले. जानेवारी २०२६ मध्ये फिलाडेल्फियातील सरकारी वकिलांनी २६ जणांवर आरोप ठेवले. त्या आरोपपत्रानुसार १७ हून अधिक संघांतील ३९ हून अधिक खेळाडू या कटात सामील होते, आणि त्यांतील अनेक पैजा पूर्वार्धातील गुणांच्या अंतरावर लावलेल्या होत्या. या पैजा सामान्य पैजगृहांतील होत्या, भाकीत-बाजारातील नव्हेत, हे नमूद केलेच पाहिजे. परंतु वाक्याचा साचा एकच. पाच जणांच्या संघात एकदोघांनी २० मिनिटे हात आखडता घेतला तरी पुरते, आणि उत्तरार्धात मनापासून खेळून सामना जिंकण्याची मुभाही उरते.

भाकीत-बाजाराचे पुरस्कर्ते म्हणतात की, आतील माहिती असणाऱ्यानेही व्यवहार करावा. त्यामुळे भाव सत्याच्या अधिक जवळ जातो. निवडणुकीसंबंधी हे काही अंशी पटण्यासारखे आहे, कारण एकट्यादुकट्या मतदाराने निकाल फिरत नाही. येथे मात्र जाणणारा आणि करणारा एकच असू शकतो. भाव ५६ वरून ७० वर चढला, तर प्रमुख बचावपटूचा पाय मुरगळल्याची वार्ता कोणास लागली, की कोणी कोणाच्या हातावर पैसे ठेवले, हे त्या आकड्यावरून कळत नाही. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या अध्यक्षांनी त्याच जानेवारीत आयोगास पत्र पाठवून महाविद्यालयीन खेळांवरील हे करार तूर्त स्थगित ठेवावेत, अशी मागणी केली.