बिनभाड्याचे बिऱ्हाडकरू – भाग ६ : पिसवा, आधी जमीन मग कुत्रा

बोईसर-सरावलीच्या चाळींत पावसाच्या तोंडावर एक तक्रार ठरलेली. मे महिन्यात खोलीला कुलूप लावून कुटुंब गावी जातं, पहिल्या सरींच्या सुमारास परततं, दार उघडतं आणि पिशव्या खाली ठेवेपर्यंत पोटऱ्यांवर चावे उठू लागतात. महिनाभर खोलीत माणूस नव्हता, मांजर नव्हतं. मग या पिसवा जगल्या कशावर? आळ बहुतेक शेजाऱ्याच्या कुत्र्यावर जातो, कधी घरमालकावरही.

त्या कशावरच जगल्या नाहीत, कारण त्या कोषातून बाहेरच आल्या नव्हत्या. मादी कुत्र्यामांजराच्या अंगावर बसून दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. ही अंडी केसांना चिकटत नाहीत. जनावर जिथे लोळेल, झोपेल तिथे मिठाच्या खड्यांसारखी गळतात. अंड्यातून निघालेली अळी उजेड टाळते. फरशीच्या सांध्यात, चटईखाली, खाटेखालच्या धुळीत शिरून ती मोठ्या पिसवांची विष्ठा खाते, आणि ही विष्ठा म्हणजे वाळलेलं रक्तच. मग ती कोष विणते. कोष चिकट असल्याने त्यावर धूळ बसते आणि तो दिसेनासा होतो. बहुतेक फवारे आतपर्यंत पोचत नाहीत. आतली पिसू तयार होऊनही आठवडेच्या आठवडे, प्रसंगी काही महिने थांबते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड एवढं मिळालं की ती लगेच बाहेर पडते.

पंचवीस-तीस अंश तापमान आणि सत्तर-ऐंशी टक्के दमटपणा तिला मानवतो. तारापूर-चिंचणीपासून सातपाटीपर्यंतच्या पट्ट्यात पावसाळाभर हेच हवामान असतं. अशा हवेत अंड्यापासून पिसवेपर्यंतचा फेरा तीन-चार आठवड्यांत पुरा होतो. एखाद्या घरातल्या साऱ्या पिसवा मोजल्या, तर जनावराच्या अंगावर उड्या मारणाऱ्या मोठ्या पिसवा साधारण पाच टक्के भरतात. बाकीचा संसार अंडी, अळ्या आणि कोष या रूपात जमिनीवर असतो. कुत्र्याला रविवारी औषध लावलं आणि बुधवारी ‘परत आल्या’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्या परत आलेल्या नसतात. पुढची तुकडी निघालेली असते.

पिसू किती उंच जाते, याचा शहाणपणाचा हिशेब मुंबईतच मांडला गेला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा तो कसा पसरतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. घरं धुतली, छपरं उतरवली, माणसं उचलून छावण्यांत नेली. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने मुंबईत काम केलं आणि १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवलं. त्याला बराच काळ कुणी फारसं मानलं नाही. पुढे १९०५ नंतर प्लेग आयोगाने मुंबईत नेटाने प्रयोग केले. प्लेगग्रस्त जागेत गिनीपिगांचे पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातले गिनीपिग प्लेगने मेले, दोन फुटांवरचे वाचले. पिसू एवढी उंच उडी घेऊ शकत नाही. बारीक जाळीच्या पिंजऱ्यात पिसू शिरू शकत नव्हती, तिथलेही वाचले.

एवढ्या मोठ्या साथीतून निघालेली ही गोष्ट आजही घरात वापरता येते. घर पिसवांनी भरलं असेल तर निदान लहान मुलांना खाली अंथरुणावर झोपवू नका, खाटेवर झोपवा. चादर-गोधडीचं टोक जमिनीला लोंबकळू देऊ नका. भिंतीपासून खाट चार बोटं सरकवा. चावे बहुधा गुडघ्याखालीच का असतात तेही यावरून कळतं. मागच्या भागातला ढेकूण गादीच्या शिवणीतून येऊन रात्री अंगभर चावतो. पिसू दिवसाढवळ्याही चावते आणि पायाला चावते. खात्री करायची तर पांढरे मोजे घालून खोलीभर फिरा, काळे ठिपके मोज्यांवर उड्या मारताना दिसतील. कुत्र्याच्या पाठीवरून विंचरून निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा.

आता जमीन. व्हॅक्यूम असेल तर उत्तम: अळ्या-अंडी ओढली जातात आणि हादऱ्याने कोषही उघडतात, मग औषधाला पिसू सापडते. पिशवी लगेच बाहेर नेऊन टाका. व्हॅक्यूम नसलेल्या घरांचंही अडत नाही. जनावर झोपतं ती जागा, खाटेखाल, कोपरे, सांधे रोज झाडा आणि केर घरात साठवू नका. चादरी, उशांचे अभ्रे, कुत्र्याचं गोणपाट कडक गरम पाण्यात धुवा. ऊन मिळेल त्या दिवशी गोधड्या, गाद्या बाहेर काढा. पावसाळ्यात ते दुर्मीळ, म्हणून आलेलं ऊन वाया घालवू नये. सारवलेल्या घरात भेगा बुजवणं हेच अर्धं काम आहे, त्यामुळे सारवण लांबवू नका. पडवीत भाताचा पेंढा रचलेला असेल आणि कुत्रं त्यावर झोपत असेल, तर तो पेंढा आधी हलवा.

फवारणी करायला माणूस बोलावला तर त्याला एवढंच विचारा: यात अळी-अंड्यांची वाढ थांबवणारं औषध आहे का? पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन ही त्याची नावं. नुसतं मारणारं औषध मोठ्या पिसवा संपवतं आणि तुम्हाला आठवडाभराचा आनंद देतं. दहा-पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी ठरवूनच पहिली करा. घरात माशांची टाकी असेल तर झाका, फवाऱ्यातलं पायरेथ्रॉइड कीटकनाशक माशांना मारतं.

जनावरांचं औषध एकाच वेळी सगळ्यांना हवं. कुत्र्याला आणि पाळलेल्या मांजरांना एकाच दिवशी, आणि निदान तीन महिने सलग. पशुवैद्याला वजन सांगून मानेवर सोडायचं औषध किंवा गोळी घ्या. कंपनीच्या गेटवर ज्याला आपण रोज बिस्किट घालतो ते कुत्रंही या हिशेबात धरावं लागेल. आंघोळ साध्या साबणाने घाला. आधी मानेभोवती फेसाचं कडं करा, म्हणजे पिसवा तोंडाकडे पळत नाहीत. लहान पिल्लांच्या हिरड्या फिकट पडल्या असतील तर पिसवांनी बरंच रक्त खाल्लंय असं समजून थेट पशुवैद्याकडे न्या. आणि कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी आहे. पिसू गिळल्याने होतो, कधीमधी लहान मुलांनाही.

इथे एक धोका ठळकपणे सांगतो. कुत्र्याचं पर्मेथ्रीनचं औषध मांजराला लावलं की मांजर थरथरून मरू शकतं. सातपाटी-मुरब्याच्या कोळीवाड्यात मांजरं भरपूर, आणि ‘उरलेलं थोडं मांजरालाही’ ही भाबडी काटकसर तिथे महाग पडू शकते. रॉकेल अंगाला लावू नका, कातडी भाजते. शेतातलं कीटकनाशक, किंवा कुणीतरी कंपनीतून आणून दिलेलं बिनलेबलचं ‘जालीम’ द्रव, कुत्र्यावर नाही आणि घरातही नाही. औद्योगिक वसाहतीच्या आसपास हे मिळणं सोपं असतं, म्हणून मुद्दाम लिहितो. डांबरगोळ्यांचा सडा घालणंही टाळा. जी६पीडी नावाच्या घटकाची जन्मजात उणीव असलेल्या बाळाच्या रक्तपेशी त्यांनी फुटू शकतात, आणि ही उणीव पारशी समाजात व काही आदिवासी समाजांत तुलनेने जास्त आढळते. आपल्या पट्ट्यात दोन्ही समाज राहतात.

माणसांचं काम सगळ्यात सोपं. कुत्र्यामांजराची पिसू माणसाच्या अंगावर घर करत नाही. चावते आणि उतरते. डोक्याला उवांचं औषध चोपडायचं कारण नाही. आंघोळ करा, कपडे गरम पाण्यात टाका, चाव्यावर साबण-पाणी आणि कॅलॅमाइन लावा, खाजवू नका, मुलांची नखं कापा. चावा पिकला, ताप आला किंवा जांघेत-काखेत गाठ सुजली तर डॉक्टरला दाखवा आणि पिसवा चावल्याचं आठवणीने सांगा.

उंदरांचं शेवटी ठेवलं, कारण घाई इथेच होते. भाताच्या गोण्या ठेवलेल्या घरात उंदीर असतातच. त्यांना विष घातलं की गार पडलेल्या उंदरावरून पिसवा उतरतात आणि दुसरं गरम अंग शोधतात. ते तुमचं असू शकतं. म्हणून आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी उंदीर मेले, मग लोकांनी पिसवांचा त्रास होतो अशी तक्रार केली, त्यानंतर गाठींचा प्लेग दिसला. सप्टेंबरात सुरतेत श्वासातून पसरणारा प्लेग निघाला आणि तिथून घाबरून निघालेली माणसं आपल्याच पट्ट्यातून जाणाऱ्या पश्चिम रेल्वेच्या मार्गाने मुंबईकडे आली. आज तसं काही नाही. तरी विष न घालता एकाच वेळी बरेच उंदीर मेलेले दिसले, तर त्यांना उघड्या हाताने उचलू नका, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

(पुढील भागात : गोचीड)