आधी नावे, मग निवड

फिल्मच्या काळात एका रोलमध्ये ३६ छायाचित्रे निघत. रोल धुण्याचा आणि प्रती काढण्याचा खर्च असल्याने माणूस विचार करूनच बटण दाबी. आज बारशाच्या दिवशी तेवढी छायाचित्रे पाळण्याभोवतीच काढली जातात. परिणामी अनेक घरांत दोन ढीग साचले आहेत: एक कपाटातील अल्बमांचा, दुसरा मोबाइलमधील. दोन्हींकडे पाहून छाती दडपते आणि काम पुढे ढकलले जाते.

परंतु या दोन ढिगांची निकड सारखी नाही. मोबाइलमधील चित्रांवर दिनांक बहुधा आपोआप नोंदला जातो. ती पुढच्या वर्षीही निवडता येतील. जुन्या कृष्णधवल चित्रात पणजोबांच्या शेजारी उभे असलेले गृहस्थ कोण, हे मात्र घरातील एखाद्याच वृद्ध व्यक्तीला ठाऊक असते. ती व्यक्ती गेली की चित्र उरते, ओळख हरपते. म्हणून आरंभ निवडीने नव्हे, नावांनी करावा.

वडीलधाऱ्यांसोबत एका बैठकीत वीस-पंचवीसच चित्रे पाहावीत. नाव, नाते, गाव आणि अंदाजे वर्ष चित्रामागे कडेजवळ मऊ पेन्सिलीने हलकेच लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नसेल, तर माहिती पाकिटावर लिहून मग चित्र आत ठेवावे. स्त्रियांची माहेरची नावे आवर्जून विचारावीत. लग्नात नाव बदललेल्या आजीचे पहिले नाव पुष्कळदा नातवंडांना माहीतच नसते.

त्यानंतर स्कॅनिंग. चिकट पानांच्या अल्बममधील गोंद कालांतराने छायाचित्रांना अपाय करतो. तरीही घट्ट चिकटलेले चित्र ओढून काढू नये, पानासकट स्कॅन करावे. लहान चित्रांसाठी दर इंचास ६०० बिंदू ही मात्रा पुरेशी असते. तयार प्रत व्हॉट्सअॅपवर छायाचित्र म्हणून पाठविल्यास तिचा दर्जा घटतो; ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. एकूण तीन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक परगावी राहणाऱ्या भावंडाकडे ठेवावी.

मोबाइलचा ढीग शेवटी. तेथे प्रत्येक प्रसंगाची दहा चित्रे ठेवावीत आणि उरलेली निःसंकोच पुसावीत. परिग्रहाला परिमाण घालण्याचा संस्कार आपल्याला नवा नाही. वस्तूंना लावतो ते माप चित्रांनाही लावता येते. ठेवलेल्या दहांना नाव द्यावे, आरंभी वर्ष लिहावे. वर्षाअखेरीस त्यांतील निवडक चित्रे छापून घेतली, तर घरात वर्षाला एक छोटा अल्बम तयार होईल. तो हाती धरून पाहता येईल आणि लहान मुलेही तो उघडतील.

या दिवाळीत भावंडे एकत्र जमतील तेव्हा फराळानंतर कपाटातील सर्वांत जुना अल्बम बाहेर काढावा. घरातील ज्येष्ठांना मध्ये बसवावे आणि पेन्सिल नातवाच्या हाती द्यावी.