'ऑस्टिओपॅथी' : संज्ञेचा अर्थ आणि नव्या रुग्णाची गरज

'पॅथी' हा घटक मराठीत दोन निराळ्या अर्थांनी वावरतो. 'न्यूरोपॅथी' म्हणजे मज्जातंतूंचा विकार. 'होमिओपॅथी' म्हणजे मात्र उपचाराची एक पद्धती. ग्रीक 'पॅथॉस' या शब्दाचा मूळ अर्थ भोग किंवा वेदना असा आहे. तो पहिल्या शब्दात शाबूत राहिला, दुसऱ्यात मागे पडला. पुढे तर मराठीत 'पॅथी' हे स्वतंत्र नामच झाले, आणि 'डॉक्टर कोणत्या पॅथीचे?' हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला. 'ऑस्टिओपॅथी' ही संज्ञा या दोन अर्थांच्या सीमेवर उभी आहे. 'ऑस्टिऑन' म्हणजे हाड. तेव्हा तिचे शब्दशः भाषांतर 'अस्थिरोग' असे होईल. परंतु 'अस्थिरोगतज्ज्ञ' ही पाटी आपल्याकडे हाडांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यावर असते. त्यामुळे पाठदुखीने त्रस्त झालेला रुग्ण ऑस्टिओपॅथला कधी शल्यचिकित्सक समजतो, तर कधी हाडवैद्य. तो या दोहोंपैकी कोणीही नाही, ही गोष्ट उपचारापूर्वीच स्पष्ट असणे हिताचे होय.

या पद्धतीचा प्रवर्तक अँड्र्यू टेलर स्टिल (१८२८–१९१७) हा अमेरिकन वैद्य होता. १८६४ साली मेंदूज्वराच्या साथीत त्याची मुले दगावली, आणि तत्कालीन औषधांवरील त्याचा विश्वास उडाला. १८७४ साली त्याने आपला नवा विचार मांडला व १८९२ साली मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे पहिले विद्यालय स्थापन केले. शरीराची रचना आणि त्याचे कार्य परस्परावलंबी आहेत, म्हणून सांधे व स्नायू यांवर हातांनी उपचार केल्यास शरीराची स्वतःला बरे करण्याची शक्ती मोकळी होते, असे त्याचे प्रतिपादन होते. सर्व रोगांचे मूळ सांगाड्यातील बिघाडात शोधण्याचा त्याचा दावा आधुनिक वैद्यकाने स्वीकारलेला नाही. हस्तोपचाराचे तंत्र मात्र टिकून राहिले.

पुढे या एका शब्दाच्या दोन शाखा झाल्या. अमेरिकेत 'डी. ओ.' ही पदवी धारण करणारी व्यक्ती पूर्ण अर्थाने डॉक्टर असते. पन्नासही राज्यांत तिला औषधे देण्याचा व शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार आहे, आणि यांपैकी अनेक डॉक्टर आपल्या व्यवसायात हस्तोपचार क्वचितच करतात. ब्रिटनमधील ऑस्टिओपॅथ सामान्यतः डॉक्टर नसतो. तो मुख्यतः हस्तोपचार करतो. मात्र १९९३ च्या कायद्यान्वये तेथे नोंदणी आवश्यक झाली, आणि नोंदणीवाचून ही संज्ञा स्वतःस लावणे हा गुन्हा ठरला. न्यू जर्सीत राहणारा मराठी माणूस आणि लंडनमध्ये राहणारा त्याचा भाऊ हा एकच शब्द उच्चारतील, पण दोघांच्या मनात निरनिराळी व्यक्ती असेल. म्हणून रुग्णाने केवळ पाटीवर विसंबू नये. शिक्षण कोठे व किती वर्षांचे झाले आणि नोंदणी कोणत्या संस्थेकडे आहे, हे विचारून घ्यावे. असा प्रश्न विचारण्यात कोणताही उपमर्द नाही.

पहिल्या भेटीचा बराचसा वेळ विचारपूस व तपासणी यांत जातो. पूर्वीचे आजार, शस्त्रक्रिया, चालू औषधे, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे, यांची माहिती रुग्णाने न लपवता द्यावी. उभे राहण्याची व वाकण्याची ढब पाहण्यासाठी काही कपडे उतरवावे लागतात. अशा वेळी अंगावर चादर मागण्याचा व सोबतीला माणूस ठेवण्याचा रुग्णास अधिकार आहे. उपचारात स्नायू चोळणे, सांधे हलक्या हाताने फिरवणे, ताण देणे आणि कधी एक जलद झटका देणे या क्रियांचा समावेश असतो. प्रत्येक क्रियेपूर्वी संमती घेतली गेली पाहिजे, आणि दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते. नंतर एक-दोन दिवस अंग दुखणे हे सर्वसाधारण होय.

या भेटीत 'मणका सरकला आहे', 'तो जागेवर बसवला' असे शब्द कानी पडण्याचा संभव असतो. ते अक्षरशः घेऊ नयेत. झटक्याच्या वेळी होणारा 'कट्' असा आवाज हाड जागेवर बसल्याचा नसून सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण झाल्याचा असतो. आवाज झाला म्हणजे गुण आला, असे नव्हे. ज्याला आपला मणका निखळला आहे असे वाटू लागते, तो हालचालीस भितो. आणि पाठदुखीत हालचाल टाळणे हेच बहुधा अपायकारक ठरते.

उपयुक्ततेविषयीचा पुरावा मर्यादित आहे. ब्रिटनमधील २०१६ च्या अधिकृत मार्गदर्शिकेने कंबरदुखीसाठी हस्तोपचाराचा विचार करण्यास अनुमती दिली, पण तो व्यायामाच्या जोडीनेच करावा असे सांगितले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, ४०० रुग्णांवरील फ्रेंच चाचणीत खऱ्या उपचाराने आभासी उपचारापेक्षा किंचित अधिक लाभ दिसला. तो रुग्णास जाणवण्याइतका होता की नाही, हे शंकास्पद राहिले. दमा, रक्तदाब किंवा मधुमेह यांची औषधे बंद करून केवळ या उपचारावर राहण्यास कोणताही आधार नाही.

काही लक्षणे असताना मात्र हस्तोपचाराकडे न जाता त्वरित रुग्णालय गाठावे : लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, जांघेत बधिरता येणे, पायातील शक्ती कमी होत जाणे. ताप, कारणाविना घटणारे वजन, पूर्वीचा कर्करोग किंवा ठिसूळ हाडे असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मानेला दिलेल्या झटक्यानंतर रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे दुर्मिळ असली तरी नोंदलेली आहेत. म्हणून मानेवरील झटका नाकारण्यास रुग्णाने संकोच करू नये.

'ऑस्टिओपॅथी' या संज्ञेस मराठी प्रतिशब्द घडवायचाच झाल्यास तो 'अस्थि' या पदावर उभारण्याऐवजी 'हस्तोपचार' या पदावर उभारणे अधिक सयुक्तिक ठरेल. काय दुखते हे रुग्णास ठाऊकच असते. त्यावर काय केले जाणार आहे, हे त्याला नावावरून कळले पाहिजे.