'काय झालं?' या प्रश्नाचे व्याकरण

चित्रपटातला एखादा संवाद लोकांच्या तोंडी का राहतो, असे विचारले की आपले समीक्षक लेखकाच्या प्रतिभेकडे किंवा नटाच्या आवाजाकडे बोट दाखवतात. ते खोटे नाही. १९७५ सालच्या 'शोले'चे संवाद तर स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेवर निघाले आणि पुढे कॅसेटवाल्यांनी ते आठवडी बाजारापर्यंत पोचवले. माझे वडील शाळेची पायरी चढले नव्हते, पण 'कितने आदमी थे?' त्यांना स्वरासकट पाठ होते. तरीही प्रश्न कोण कुणाला विचारतो, हे पाहिले पाहिजे. गब्बरला माहिती नको आहे. हरून आलेल्यांच्या माना त्याला खाली घालायला लावायच्या आहेत. सत्तेचा प्रश्न असाच असतो.

त्याच साली आलेल्या 'सामना'तला प्रश्न नेमका उलट्या दिशेने जातो. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात साखर कारखानदारीवर उभा राहिलेला हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) एका दारुड्या, फाटक्या मास्तरला (श्रीराम लागू) घरी आणतो. मास्तरच्या कानावर एक नाव पडते आणि तो विचारू लागतो, 'मारुती कांबळेचं काय झालं?' पुन्हा विचारतो, पुन्हा विचारतो. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नाही. ज्यांना विचारले जाते त्यांना ते ठाऊक आहे. या वाक्याचे बळ येथे आहे.

आणखी एक गोष्ट मला वर्गात शिकवताना जाणवली. मास्तर 'मारुतीला कुणी मारलं?' असे विचारत नाही. 'काय झालं?' असे विचारतो. या क्रियापदाला कर्ता लागत नाही. गावात अत्याचार होतो तेव्हा गाव हीच भाषा बोलते: 'काहीतरी झालं', 'झालं गेलं, सोडून द्या', 'होऊ नये ते झालं'. पंचनाम्यातला माणूसही 'मयत झालेला' असतो, कुणी मारलेला नसतो. गावाने स्वतःला लपवण्यासाठी वापरलेले क्रियापद मास्तर उचलतो आणि त्याच गावापुढे प्रश्न म्हणून ठेवतो. म्हणून ते बोचते. आमच्या वस्तीतही असे प्रश्न होते, पण ते चुलीपाशी, हलक्या आवाजात विचारले जात.

पुढे हे वाक्य पडद्याबाहेर आले. दडपलेले कोणतेही प्रकरण असो, भाषणात आणि अग्रलेखात मारुती कांबळे हजर! गेल्या पन्नास वर्षांत त्याची म्हण झाली. पण म्हण झाली म्हणजे तिच्यातला माणूस गेला. कांबळे हे आडनाव ऐकून महाराष्ट्रात ज्याला जे कळायचे ते कळते; तरी हे वाक्य टाळ्या घेत असताना त्या आडनावाकडे कितीजणांचे लक्ष जाते? मारुतीची भूमिका मोहन आगाशे यांनी केली. त्याच्या तोंडचे एकही वाक्य लोकांच्या ओठी नाही. जे राहिले ते त्याच्याविषयी दुसऱ्याने विचारलेले. शिवाय कर्ता नसलेले वाक्य कुणालाही परवडते. ज्यांच्या दारात असले प्रश्न विचारले गेले पाहिजेत, तेही विरोधी बाकावर बसले की हाच प्रश्न विचारतात. खैरलांजीनंतर, २००६ साली, आपल्या चळवळीने कर्त्यांची नावे मागितली आणि रस्त्यावर मागितली. ते वाक्य कुणाच्या करमणुकीला आले नाही.

मी तेंडुलकरांना दोष देत नाही. १९७५ साली, आणीबाणीच्या वर्षात, मराठी पडद्यावर हे नाव घेऊन हा प्रश्न इतक्यांदा विचारला जाणे ही लहान गोष्ट नव्हती.

यंदा मी द्वितीय वर्षाच्या मुलांना हे वाक्य फळ्यावर लिहून दिले आणि कर्ता घालून पुन्हा लिहा म्हणालो. बहुतेकांनी 'पाटलाने' लिहिले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने 'गावाने' लिहिले. चित्रपट पाहिला आहेस का, असे विचारले तर नाही म्हणाली. मग पुढच्या शनिवारी आम्ही तो सगळ्यांनी मिळून पाहायचे ठरवले.