वकिलांचें ज्ञानभांडार आणि यंत्र

आपला भंडारा हा तलावांचा जिल्हा, हें वाचकांस सांगावयास नको. पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले हे तलाव एके काळीं मालगुजारांच्या ताब्यांत होते. ३१ मार्च १९५१ रोजीं मालगुजारी संपली, आणि सामान्यतः तलाव सरकारजमा झाले. पण पाणी कोणाचें, हा तंटा मालगुजारीबरोबर संपला नाहीं.

समजा, साकोलीकडील एखाद्या शेतकऱ्याचें धान वाळत आहे व तलावाचें पाणी त्यास कोणी घेऊं देत नाहीं. तो वकिलाकडे जातो. आतां उत्तर एका पुस्तकांत थोडेंच आहे! गांवची वहिवाट जुन्या वाजिब-उल-अर्जांत. मालगुजारी काढून टाकणारा कायदा मध्यप्रदेश सरकारचा. १९५६ च्या नोव्हेंबरांत जिल्हा मुंबई राज्यांत गेला व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. नागपूरचें उच्च न्यायालय १९३६ त सुरू होऊन १९५६ पर्यंत चाललें. त्याचे निवाडे निराळे. इतकें सारें धुंडाळतां धुंडाळतां पीक हातचें जावयाचें.

पूर्वी हें भांडार वृद्ध वकिलाच्या डोक्यांत व कारकुनाच्या दप्तरांत असे. नागपुरास व्ही. व्ही. चितळे यांनीं ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ काढला. त्यांत प्रत्येक निवाड्याच्या माथ्यावर कायदेपंडितानें केलेला गोषवारा असतो, व त्यावरून हवा तो निवाडा सांपडतो. आतां मुंबई-दिल्लीच्या मोठ्या पेढ्यांत याच कामासाठीं दोन मंडळ्या असतात. एक कायदा जाणणाऱ्यांची: कोणता मसुदा जपावा, कोणता निवाडा पुढें फिरविला गेला, हें ती ठरविते. दुसरी संगणक जाणणाऱ्यांची: सांठवण, शोध व कुलुपें तिच्याकडे.

या दोघी एकत्र बसल्या नाहींत तर काय होतें, तें आपल्याच तलावावरून पाहूं. माजी मालगुजारी तलावास लोक थोडक्यांत ‘मामा तलाव’ म्हणतात. यंत्रास ‘मामा’ विचारला तर तें बिचारें आईच्या भावाच्या वारशाचे खटले पुढें करील! इंग्रजी निवाड्यांत ‘मालगुजारी’ची अक्षरें तरी कोठें एकसारखीं असतात? सबब एकाच वस्तूचीं सारीं नांवें कायद्याच्या मंडळीनें लिहून द्यावीं लागतात. उलट, कोणी काय शोधलें व त्यास कांहींच मिळालें नाहीं, याची यादी यंत्राच्या मंडळीनें परत द्यावी लागते. ही निष्फळ शोधांची यादी आम्हांस तर सर्वांत मोलाची वाटते. भांडारांत उणें काय, तें दुसरें कोण सांगणार?

१ जुलै २०२४ रोजीं भारतीय न्याय संहिता अंमलांत आली, तेव्हां या सहकार्याची खरी परीक्षा झाली. खुनाच्या शिक्षेचें कलम ३०२ होतें तें १०३ झालें. आणि नव्या संहितेंत ३०२ हा आंकडा धार्मिक भावना दुखविणाऱ्या शब्दांच्या गुन्ह्यास मिळाला. त्या दिवसापूर्वीं घडलेल्या गुन्ह्यांस मात्र जुनाच कायदा लागूं. नुसते आंकडे बदलून टाकणारें यंत्र येथें खुन्यास व वाचाळास एका रांगेंत बसवील. गुन्ह्याची तारीख आधीं विचारावी, हें कायदेपंडितानें सांगावें व यंत्रज्ञानें तसें घडवावें.

गुप्ततेचेंही तसेंच. एका अशिलाचे कागद पेढींतल्या कोणी पाहूं नयेत, हें वकील जाणतो. कुलूप घालणें यंत्रज्ञास येतें.

अलीकडे तर मजकूर रचणारीं यंत्रें निघालीं आहेत. २०२३ सालीं न्यूयॉर्कच्या एका न्यायालयांत अशा यंत्रानें रचलेले, कधींच न झालेले निवाडे वकिलांनीं खरे म्हणून दाखल केले, व त्यांस पांच हजार डॉलर दंड झाला. पडताळा पाहणारें कोणी मध्यें नव्हतें.

तालुक्याच्या वकिलापाशीं अशा मंडळ्या कोठून असणार? बहुधा तो, एक कनिष्ठ वकील व एक कारकून. २०२३ च्या जानेवारीपासून सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे संगणकावर विनामूल्य मिळूं लागले, ही त्यास मोठीच सोय. परंतु गांवचा जुना कागद काढावयाचा तर तलावाचा जुना खसरा क्रमांक आधीं ठाऊक पाहिजे. आणि तो सांगणारा बहुधा त्या गांवांतलाच एखादा म्हातारा असतो.