नखांवर चमकी लावा, पण नखे पाहायला विसरू नका

सणावाराचे दिवस जवळ आले की रोहिणखेड आणि आसपासच्या खेड्यांतल्या मुलींची बोटे चमचम करू लागतात. महालक्ष्म्या, भुलाबाई, नवरात्र, दिवाळी आणि त्यामागून येणारी लग्नसराई. पूर्वी या दिवसांत मेंदी पुरत असे, आता आठवडी बाजारातून चमकीच्या नेलपॉलिशची बाटली घरी येते. घरातल्या मोठ्या बायका मग मला विचारतात, ‘‘साहेब, पोरीनं नखं रंगवली त चालते काय?’’ माझे उत्तर असे, की जरूर चालते. हौसेला मोल नसते आणि निरोगी नखाला चांगल्या नेलपॉलिशने सहसा इजा होत नाही. मात्र ती लावायची कशी, काढायची कशी आणि केव्हा मुळीच लावायची नाही, हे माहीत असायला हवे.

नख म्हणजे काय?

नख केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असते. आपले केसही त्याचेच. नखाचा जो कडक भाग आपण रंगवतो तो निर्जीव असतो, म्हणूनच कापताना दुखत नाही. जिवंत भाग कातडीखाली, नखाच्या मुळाशी असतो. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. मुळापासून टोकापर्यंत नवे नख यायला सुमारे ६ महिने लागतात, पायाच्या अंगठ्याला वर्ष ते दीड वर्ष.

‘नखाला श्वास घेऊ द्यावा’ असे पुष्कळ जणी म्हणतात. नख श्वास घेत नाही. त्याला लागणारे सर्व काही मुळाशी असलेल्या रक्तातून मिळते. तरीही नखे अधूनमधून उघडी ठेवा असे मी सांगतो. त्याचे कारण वेगळे आहे, ते पुढे येईल.

बाटलीत काय असते?

नेलपॉलिशचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोटारगाड्यांच्या रंगातही हाच पदार्थ वापरीत. तो इथाइल अ‍ॅसिटेट व ब्युटाइल अ‍ॅसिटेट अशा द्रवांत विरघळवलेला असतो. हे द्रव उडून गेले की नखावर पातळ पापुद्रा उरतो. त्यात रंग, चिकटपणा आणणारी राळ आणि चमकी मिसळलेली असते. ही चमकी बहुधा प्लास्टिकच्या अतिपातळ पत्र्याची असते. त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा देऊन तिचे बारीक तुकडे करतात.

बाटली घेताना लेबल वाचा. उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत छापलेली नसेल तर ती बाटली घेऊ नका. गणपतीच्या आरासेसाठी मिळणारी सुटी चमकी नखांवर शिंपडू नका. ती कातडीसाठी बनवलेली नसते, काही वेळा काचेचीही असते. डोळ्यात गेली आणि डोळा चोळला तर बुबुळावर ओरखडा उठतो. असे झाल्यास डोळा न चोळता भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा आणि टोचणे थांबले नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

घरी कशी लावावी?

१) नखे साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावीत. नखाच्या मुळाशी पातळ कातडीची कडा असते, ती कापू किंवा मागे रेटू नये. पाणी आणि जंतू आत जाऊ नयेत म्हणून निसर्गाने लावलेली ती पट्टी आहे. ती फाटली की नखाभोवती सूज येते, पू होतो आणि ठसठसणारे नखुरडे होते.

२) आधी बिनरंगाच्या पॉलिशचा एक थर द्यावा. त्यामुळे गडद रंगाचा पिवळा डाग नखावर बसत नाही. असा डाग बसलाच तर ब्लेडने खरवडू नये, नखाबरोबर तो वाढून निघून जातो.

३) मग रंगाचे दोन पातळ थर द्यावेत. पहिला वाळल्यावरच दुसरा लावावा. एकच जाड थर दिला तर वरून वाळतो आणि आत ओला राहतो.

४) चमकी लावायची गंमत इथे आहे. फोमच्या लहानशा तुकड्यावर चमकीचे पॉलिश घ्यावे आणि नखाच्या टोकाला हलके टिपावे. टोकाला दाट आणि मुळाकडे विरळ अशी चमक येते. आगकाडीच्या मागच्या टोकाने ठिपके देता येतात. चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावून वर रंग दिला आणि ओला असतानाच त्या उचलल्या की पट्टे उमटतात. पाच बोटांपैकी एकाच नखावर चमकी लावली तरी हात शोभून दिसतो.

५) शेवटी पुन्हा बिनरंगाचा थर द्यावा, म्हणजे चमकीच्या कडा कपड्यांत अडकत नाहीत.

रंग कातडीला लागू न देता जरा आतच थांबावे. कणीक मळणाऱ्या आणि हाताने जेवणाऱ्या आपल्या घरांत टवके उडू लागलेले पॉलिश बोटांवर ठेवू नये, ते काढून टाकावे.

काढताना घाई नको

चमकी निघता निघत नाही, आणि नखाचे खरे नुकसान इथेच होते. मुली ती दाताने, सुरीने किंवा ब्लेडने खरवडतात. पॉलिशबरोबर नखाचा वरचा पापुद्राही निघतो आणि नख पातळ, चिरके होते. त्यापेक्षा कापसाचा बोळा रिमूव्हरमध्ये भिजवून नखावर ठेवावा, पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचा तुकडा भोवती गुंडाळावा आणि १० मिनिटे थांबावे. मग बोळा किंचित दाबून टोकाकडे ओढला की चमकी उतरते. नंतर हात धुऊन नखांना खोबरेल तेल लावावे, कारण रिमूव्हर नखातला ओलावा आणि तेलकटपणा काढून घेते. आठवड्यातून एकदापेक्षा जास्त रिमूव्हर वापरू नये.

नेलपॉलिश आणि रिमूव्हर दोन्ही झटकन पेट घेतात. चूल, गॅस, समई, उदबत्ती यांपासून दूर, दार-खिडकी उघडी ठेवून बसावे. बाटल्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. मुलाने काही प्यायले तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा. अंगठा चोखणाऱ्या आणि नखे खाणाऱ्या मुलांची नखे रंगवूच नयेत.

पापणी सुजली, दोष नखाचा

एखाद्या तरुणीच्या पापण्या लाल होतात, खाजतात. ती डोळ्यात औषधाचे थेंब घालते, चेहऱ्याचा साबण बदलते, तरी आराम पडत नाही. अशा वेळी मी तिच्या बोटांकडे पाहतो. नेलपॉलिशमधील राळेची अ‍ॅलर्जी बऱ्याचदा बोटांवर न दिसता पापण्यांवर आणि मानेवर उमटते. तिथली कातडी नाजूक असते आणि हात तिथे नकळत वारंवार जातो. नेलपॉलिश बंद केल्यावर काही आठवड्यांत पापण्या पूर्ववत होतात.

नखे आम्ही का पाहतो?

आता उघड्या नखांचे कारण. डॉक्टर नाडी पाहतो तेव्हा बोटेही पाहत असतो. फिकट नख रक्तक्षयाची शंका आणते. लोहाची कमतरता फार दिवस राहिली तर नख चमच्यासारखे खोलगट होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे चमकी लावणाऱ्या कितीतरी बोटांखाली फिके नख असणार. निळसर नख म्हणजे रक्तात प्राणवायू कमी पडत असल्याची खूण असू शकते. नखावर आडवी खाच दिसली तर मागे मोठे आजारपण झाले असावे. खाच मुळापासून ६ मिलिमीटरवर असेल तर ते साधारण दोन महिन्यांपूर्वीचे. पांढऱ्या ठिपक्यांना मात्र घाबरू नये. ते कॅल्शियमच्या कमतरतेचे नसून बहुधा लागलेल्या किरकोळ माराचे असतात.

आपल्या जिल्ह्याने तर नखांची भाषा जवळून पाहिली आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागातील काही जणांची नखे कमकुवत, वेडीवाकडी झाली, काहींची गळून पडली. आरोग्य विभागाने शरीरातील सेलेनियमच्या वाढलेल्या प्रमाणाकडे बोट दाखवले, तर रायगडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हात सेलेनियम जास्त आढळल्याचे मांडले. केस आणि नखे एकाच प्रथिनाची असल्यामुळे विषाची झळ दोन्हींना लागते. नख रंगाखाली झाकलेले असेल तर असा बदल उशिरा ध्यानात येतो.

म्हणून माझे सांगणे एवढेच. महिन्यातून निदान एक आठवडा नखे कोरी ठेवा आणि उजेडात दहाही बोटे नीट पाहा. नख पिवळे, जाड किंवा भुसभुशीत झाले असेल, खालच्या कातडीपासून सुटत असेल, किंवा एकाच नखावर नवी काळी रेघ उमटून रुंद होत असेल तर त्यावर चमकी लावून झाकू नका, दाखवून घ्या. दवाखान्यात येताना, विशेषतः शस्त्रक्रियेला किंवा बाळंतपणाला जाताना, पॉलिश काढून जा. कोरोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेले ऑक्सिमीटर नखातून प्रकाश पाठवून प्राणवायू मोजते. गडद निळा, हिरवा, काळा रंग किंवा चमकीचा थर मध्ये आला तर आकडा चुकू शकतो. घाईच्या वेळी काही जमले नाही तरी निदान एका बोटाचे नख कोरे करून या. बाकीची नऊ बोटे चमकत राहिली तरी आमची काही हरकत नाही.